चौथी पणती

आई,

कार्डांवर पणत्यांच्या ज्योती म्हणून उमटवलेले हळदीचे ठसे वाळले की कडेला गडद आणि मधे फिके होतात. तुमच्या अंगठ्याची ज्योत मात्र टोकाला लाल झालीय. भांडी घासून आलेल्या हाताला साबण राहिला होता आणि साबणाने हळद लाल होते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. पण काल तुम्ही म्हणालात, "बग, माजी वात पेटली, तुमची दोगांची नाय!" मग साबणाचं मी काढलंच नाही. तुमच्या प्रणितला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

दिवाळीची कार्डं टेबलावरच राहू द्या. उन्हात हळदीचा रंग उडतो. उरणच्या आत्यांचं तेवढं पाकिटात घाला. जेवण झाकून ठेवलंय.

प्रत्येक कार्डावर आपल्या तिघांच्या तीन ज्योती आहेत. चौथी पणती तुम्ही काढलीत, पण तिच्यावर ज्योत नाही. शेजारच्या काकूंनी कारण विचारलं तर म्हणालात, "राऊ दे. जागा हाय त कोनतरी येल."

मूल व्हावं म्हणून आम्ही दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या, त्या इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही काही विचारलं नाहीत, दुसऱ्या कुणाला विचारू दिलं नाहीत. त्याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही.

आज आम्ही दोघांनी सुट्टी घेतलीय. सकाळी तुमच्यासमोर दोनदा येऊन उभी राहिले आणि चहाचं विचारून परत गेले. आता लिहितेच. आई, आम्ही बाळ दत्तक घ्यायचं ठरवलंय, नाव नोंदवायला निघालोय.