काचेच्या मशीनची लाँड्री आणि भावोजींचा कोट

महाड, एसटी डेपोसमोर
मंगळवार, एप्रिल २००३

तीर्थस्वरूप रायबा भावोजींस, मुक्काम उमरठ,

मुरारीचा वाकून नमस्कार. आपली, अक्काची आणि गोठ्यातल्या दोन्ही म्हशींची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. रविवारी आपल्या सुनीलचं लग्न, आणि आपला पांढरा कोट धुवायला माझ्याकडे. कोट सुखरूप आहे. (हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं आपण शांतपणे वाचाल.)

गेल्या वर्षी मुंबईत मी एक लाँड्री पाहिली. बसायला खुर्च्या, मोठा आरसा, आणि गिऱ्हाईक आपले कपडे मशीनच्या काचेतून फिरताना बघतंय! तेव्हापासून मला चैन नव्हतं. आता मीही तसंच केलं. पहिल्याच दिवशी खुर्च्यांवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघणारे येऊन बसले. सगुणाबाई एकच गोधडी घेऊन आल्या, आणि ती फिरताना बघायला सोबत चार बाया. "बघ गो, माझा ठिगळ वर आला!" गोधडी वाळली तरी कुणी उठेना. (चहा फुकट ठेवला, ही चूक माझीच.)

पण खरा घोळ बिब्ब्याने केला, म्हणजे तो नसल्याने. इतकी वर्षं मी प्रत्येक कपड्याला आतून बिब्ब्याची खूण करायचो. ती जन्मात जात नाही. मला वाटलं, आधुनिक दुकानात असले काळे डाग कशाला? मग कागदाच्या सुबक चिठ्ठ्या टाचल्या. मशीनने पहिल्याच फेरीत त्यांचा लगदा केला. लग्नसराईचे दिवस, सगळे कपडे पांढरे, आणि भिंतीवर मीच हौसेने लावलेली पाटी : 'गिऱ्हाईक म्हणेल ते खरं.' ज्याला जे अंगाला बसलं ते तो घेऊन गेला. गाडीची वेळ झाली म्हणून इथेच थांबतो.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
मुरारी

ता. क. कोट सुखरूप आहे हे खरंच, पण तो माझ्याकडे नाही. सुनीलचे होणारे सासरे गोमाजी तो घालून गेले. "माझाच हाय. आधी पोटावर दाटायचा, मशीननं सैल केलान!" असं म्हणत आरशासमोर दोनदा वळले. लग्न तोंडावर असताना मुलीच्या बापाला खोटं कसं पाडायचं?

ता. क. २ : त्यांचा कोट कंडक्टरच्या हाती सोबत पाठवतोय. बटणं लागणार नाहीत, उघडीच ठेवा. व्याहीभेटीत मिठी मारताना त्यांच्या अंगावरच्या कोटाकडे बघू नका, एवढीच विनंती. आणि अक्काला यातलं काही कळू देऊ नका. तो कोट आमच्या बाबांनी तुम्हाला लग्नात दिलेला. ती तो मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना ध्यानात आलं, तुमच्याकडे आलेलं पत्र अक्काच मोठ्याने वाचून दाखवते. अक्के, रागावू नकोस. अंतरपाट धरतील तेव्हा सुनीलच्या मागे उभा राहायला त्याला मामा एकच आहे. मी येऊ ना गो?