मिलिंदने लिहिलेला भाग

४ मार्च, मंगळवार
विजय नगरच्या कंपनीत जाऊन आले. शाळांच्या टाइमटेबलचं आमचं सॉफ्टवेअर त्यांना हवंय. शाळांना आत्तासारखंच फुकट आणि खुलं, म्हणजे आतला कोड कुणीही बघावा, बदलावा. कंपनीला वेगळं लायसन्स, म्हणजे ते जे बदल करतील ते त्यांना झाकून ठेवता येतील. आणि मला तिथेच नोकरी, फक्त ह्याच कामाची! सहा वर्षं ऑफिसच्या आधी पहाटे उठून जे केलं, ते दिवसभर करायला मिळणार. जीव नुसता हरखलाय.
अट एकच. लिहिणारे आम्ही दोघं, तेव्हा मिलिंदचीही लेखी परवानगी पाहिजे. कधी कागद केलाच नाही. मित्राकडून सही कसली घ्यायची, असं वाटायचं.

६ मार्च
महूला मिलिंदकडे गेले. मि. शाळेतून नुकताच आला होता. सगळं सांगितलं.
"शाळांना फुकट राहणारच आहे रे."
"और जो वो लोग जोड़ेंगे, ते आमच्या शाळेला मिळेल?"
"नाही."
"तो फिर मैं नहीं. मी मास्तर आहे स्मिता, शाळांसाठी लिहिलं. माझा भाग काढ आणि विक तुझं."
'तुझं' म्हणाला. पोहे तसेच टाकून निघाले.

९ मार्च, रविवार
राग जात नाही. मि.चा भाग म्हणजे अरेंजमेंट: कुणी रजेवर गेलं की त्याचा तास कुणाला द्यायचा. काढून टाकला. आता मीच नव्याने लिहिणार, त्याचं न बघता, म्हणजे त्याची सही लागायलाच नको. मोठा आला तत्त्वाचा!

१५ मार्च
झालं. सगळ्या टेस्ट पास. चहा घेऊन वाचायला बसले आणि एका ओळीवर थांबले. आजारपणाच्या रजेवरून परतलेल्याला पहिला आठवडा जादा तास नाही. हे मला कुठून सुचलं? मि.ची बायको टायफॉइडनंतर शाळेत रुजू झाली, तिसऱ्याच दिवशी वर्गात चक्कर येऊन पडली. तेव्हा त्याने हे घातलं होतं. न बघता लिहिलं म्हणे!
ओळ खोडली. प्रोग्राम तसाच चालला, कुणाला कळणारही नाही. अर्ध्या तासाने परत घातली. लाज वाटतेय. खोडल्याची की घातल्याची, कोण जाणे.

१६ मार्च
सकाळी मि.चा फोन.
"त्या दिवशी जास्तच बोललो यार. कागद भेज, सही कर देता हूँ. तुझी नोकरी अडायला नको."
हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आता गरज नाही. तुझा भाग मी परत लिहिला."
त्याने विचारलं, "मतलब, माझं त्यात आता काहीच नाही?"
"नाही."
"चल, अच्छा है," म्हणाला, आणि ठेवला.
का बोलले असं? अहंकार, दुसरं काय.
उद्या अकराला विजय नगर. सही करायच्या कागदावर एकच वाक्य आहे: हे सगळं मी एकटीने लिहिलंय. दोनदा त्याचा नंबर काढला. लावला नाही अजून.