पहिली सही तुझी

फिन्टन,

'प्रिय' लिहायला आज हात वळत नाही.

आईने माझ्या नावावर केलेलं लिमरिकचं घर बेघर कुटुंबांसाठी दहा वर्षांच्या कराराने नगरपालिकेला भाड्याने देतेय, हे मी आधी तुलाच सांगितलं होतं. शेजारी तू राहतोस म्हणून. "तुझं घर, तू बघ," म्हणालास. आणि काल नगरपालिकेतल्या बाईंनी गल्लीचा तक्रारअर्ज माझ्यापुढे ठेवला. 'असली माणसं आमच्याकडे नकोत.' खाली पहिली सही तुझी!

असली म्हणजे कसली रे? त्या घरात राहायला येणारी ब्रोना रुग्णालयात स्वयंपाक करते. चौदा महिने दोन मुलींना घेऊन ती हॉटेलच्या एका खोलीत राहत होती. आज किल्ली दिली, तेव्हा धाकटीने मला विचारलं, "इथे मोठ्याने बोललं तर चालेल?"

बाबांचं काम सुटलं तेव्हा आपल्याला छप्पर कोणी दिलं होतं? याच नगरपालिकेने. तेव्हा आपणही 'असलेच' होतो.

किल्ली देऊन मी तशीच नगरपालिकेच्या कचेरीत गेले आणि दहाचा करार पंचवीस वर्षांचा करून आले. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. उद्या तुझ्या दारात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणार आहे.

तुझीच सख्खी बहीण,
नोरीन