कोणी आणि काही

शुक्रवार, सकाळ

चि. मुलीस आशीर्वाद.

‘इकडील सर्व क्षेम’ हे शब्द सवयीने उमटणार होते. लेखणी तिथेच अडली. पोथीवाचन नित्य चालू आहे. पूर्वी अध्याय संपत आला की स्वयंपाकघरातून तुझ्या आईची हाक येई, “देवाला जरा दम खाऊ द्या, चहा निवतोय.” आता चहा मीच करतो. आधण अजूनही दोन कपांचे ठेवले जाते.

अक्षर वाकडे आले आहे. चष्म्याला दोष देऊ नकोस, तापाला दे.

गेल्या वर्षी तू फोनवर विचारले होतेस, “बाबा, तिकडे शेळ्या गाभडतायत म्हणे, करडं मेलेलीच पडतायत. आपल्याकडे कोणी आजारी नाही ना?” मी म्हणालो, “कोणी नाही.” आपली टिकली शेळी आदल्याच दिवशी गाभडली होती. पण जन्मभर व्याकरण शिकवलेला माणूस मी: ‘कोणी’ माणसांसाठी, ‘काही’ इतरांसाठी. खोटे बोललो नाही, हे समाधान आजवर जपले. खरे कारण हलके आहे. तुझी ‘ढोरांची डॉक्टरकी’ मला माझ्या घरात नको होती.

ते मेलेले करडू तुझ्या आईने उघड्या हातांनी सोडवले. मी ते ओढ्याकाठी पुरले, उथळ, कुत्र्यांनी उकरले. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप भरला, तो तिला घेऊनच गेला. त्या दिवशी तू एवढेच विचारलेस, “आई शेळीजवळ गेली होती का?” आणि मी सर्वांदेखत ओरडलो, “आज तरी ढोरं काढू नकोस!” तेव्हापासून तुझा फोन नाही. तो नसावा, हेच न्याय्य आहे.

सर्वांभूती ईश्वर, हे मी किती सभांत विवरून सांगितले! गोठ्यात मात्र त्यालाच ‘काही’ म्हणालो.

परवा टिकली पुन्हा गाभडली. ओढ्याच्या खालच्या अंगाला दोन शेळ्या तशाच. शेजारच्या सूनबाईंना सातवा महिना आहे आणि त्या टिकलीचेच दूध नेतात, कच्चे. काल त्यांनी विचारले, “आजोबा, दूध आटलं का हो?” मी नुसती मान हलवली. आज उजाडताच जाऊन सर्व सांगितले, हा रोग दुधातूनही माणसाला लागतो हेही, आणि दवाखान्यात धाडले. निघताना त्या म्हणाल्या, “आधी का नाही बोललात?” घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

दूधगाडीचा चालक हे पत्र दुपारपर्यंत तुला पोचवील. फोनवर माझी जीभ पुन्हा व्याकरणाआड लपली असती. टिकलीला वेगळे बांधले आहे. करडू पिशव्यांत गुंडाळून झाकले आहे. ओढ्याकडे कोणाला जाऊ देत नाही. तपासणीचे सामान घेऊन ये. रागावलेलीच ये, पण ये.

घरात दोन जण आजारी आहेत. त्यांतली एक टिकली.

तुझे,
बाबा