चौदाव्या होलवरचा सदरा

क्रेगहेव्हन,
सोमवार, १७ सप्टेंबर १९२३

चि. निनियन यास,
आजी ग्रिझेलचे पोटभर आशीर्वाद, आणि इतक्या दिवसांनी पत्र धाडलंस म्हणून पाठीत एक धपाटा. वि. वि.

शेजारची इफी लिहिते आहे. पत्रात सुंदर शब्द सापडला तर तो तिचा, बोचरा सापडला तर माझा. पोरगी शाळेत शिकवते, अक्षर मोत्यासारखं म्हणतात, पण सदरा वाळत घालायला येत नाही. झुडपावर कॉलर वर करून पसरते! अरे, सदरा शेपटाकडून अडकवून उलटा सोडायचा, बाह्या खाली लोंबत्या, म्हणजे पाणी खांद्यात साचत नाही. तुझ्या आजोबांचे आणि तुम्हा दोघा भावांचे मी असेच वाळवले. लग्नाआधी तिला शिकवीन म्हणते. कुणाशी लग्न ते विचारू नकोस, तिनं आत्ताच लेखणी आपटली.

आता कामाचं. क्लबला गोल्फचा नवा शिक्षक हवाय आणि तिघांत तुझं नाव आहे, हे कळलं. शनिवारी, २९ तारखेला, जो सगळ्यांत कमी फटक्यांत मैदान संपवेल त्याला नोकरी आणि वर घर. जिंकलास तर घरी येशील. हरलास तर वसंतात मला एडिंबराला तुझ्या खोलीवर नेणार, असं तू लिहितोस. मी यायची नाही. तुझा थोरला भाऊ मॅग्नस अजून परतला नाही, आणि मी दाराला कुलूप लावून निघू?

म्हणून ऐक. हे तुझ्या आजोबांचं चुलीपुढचं बोलणं आहे. जन्मभर मैदानाची निगा राखली त्यांनी, आणि मी जन्मभर त्या मैदानावर धुणं वाळवलं.

पहिल्या होलवर क्लबाच्या खिडक्यांतून बघे असतात, म्हणून प्रत्येक जण ताकद दाखवतो आणि चेंडू ओढ्यात घालतो. तू ओढ्याच्या अलीकडेच थांब. लाज वाटली तर माझ्या नावावर घाल. चौथ्यावर ‘म्हातारीचा दात’ नावाचा वाळूचा खड्डा मधोमध आहे. त्याला भिऊन लांब जातात ते फसतात. दाताच्या डाव्या कडेवरच नेम धर, पुढचा उतार चेंडू आपोआप नेतो. आठव्यावर झेंडा बघू नकोस. झेंडा खळग्यात आहे, तिथला वारा वेगळाच. मासे धुरी देऊन टिकवतात त्या भट्टीच्या धुराकडे बघ. तुझा चेंडू तेवढ्याच उंचीवरून जाणार.

आणि चौदावा, ‘भरती’. तिथे तू दर वेळी जमिनीच्या बाजूनं जातोस. रुंद आहे, कबूल. पण तिकडून ग्रीनची गुळगुळीत हिरवळ समुद्राकडे उतरते आणि चेंडू थांबत नाही. मॅग्नस टेकाडावरून समुद्राच्या बाजूला मारायचा. पलीकडची अरुंद पट्टी दिसत नाही, पण ती आहे, आणि तिथून ग्रीन तुझ्याकडे तोंड करून बसलेलं असतं.

इफी म्हणते, थोरल्या भावाची होडी जिथून बुडताना दिसली ती जागा पोराला कशाला दाखवता. दहा वर्षं झाली, देह मिळाला नाही, म्हणून काय नावही बुडवायचं? आणि खरं सांगू? सकाळी धुणं पसरायला जाते तेव्हा तो त्या टेकाडावर उभा असतो. नाचाला जायचं म्हणून जर्सीखाली घातलेला पांढरा सदरा अंगात. बोलत नाही, तसा कधी बोलका होता? मी विचारते, मोजे तरी सुकले का रे. मग धुकं हलतं आणि नसतो.

म्हणत असशील तर त्या टेकाडावरच्या झुडपावर माझा लाल परकर टांगते. नेम धरायला सोपं.

इकडचा लोभ आटलेला नाही, तिकडचा आटू देऊ नकोस.
तुझी,
आजी

*

एडिंबरा,
शुक्रवार, २१ सप्टेंबर १९२३

ती. आजीस,
निनियनचे सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. दात, धूर, ओढा सगळं पाठ करतोय. इफीला सांग, मी सदरे कॉलर वर करूनच वाळवतो, आणि माझ्या खांद्यात पाणी साचत नाही.

परकर मात्र टांगू नकोस, आजी! एक तर सामन्याच्या दिवशी झुडपावर चिंधीही दिसू नये हा तुम्हा बायकांनीच क्लबला दिलेला जुना शब्द. दुसरं, खेळाचा नियम. दिशा दाखवायला कोणतीही खूण ठेवायची नाही. पिशवी उचलणाऱ्या कॅडीनं पुढे जाऊन रेषेवर उभं राहून दाखवलं तर चालतं, पण फटका मारण्याआधी त्यानं बाजूला व्हायला हवं. नाहीतर मी बाद. आणि मला कॅडी नाही हे तुला ठाऊक आहे. लहानपणी माझी पिशवी मॅग्नस उचलायचा. त्याच्यानंतर ती मी कुणाला दिली नाही.

चौदाव्यावर मी जमिनीच्याच बाजूनं जाईन. तिकडे बघवत नाही, आजी. होडी बुडाली त्या दिवशी मी त्याच होलवर खेळत होतो. तो तिथे उभा असतो असं मला पुन्हा लिहू नकोस.

जप. रागावू नकोस.
तुझा,
निनियन

*

एडिंबरा,
सोमवार, १ ऑक्टोबर १९२३

ती. आजीस,
सा. न.

मी जिंकलो, एका फटक्यानं. तरी हे आनंदाचं पत्र नाही.

तेराव्यापर्यंत मी आणि पर्थकडचा एक गडी बरोबरीत होतो. मग समुद्रावरून धुकं आलं. चौदाव्यावर मी जमिनीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि मान आपोआप वळली. टेकाडावरच्या झुडपावर पांढरा सदरा होता. कॉलर वर, एक बाही उचललेली, जशी एखाद्यानं हाक मारावी. मला तुझा इतका राग आला! सांगूनही तू टांगलासच, असं वाटलं. पण पाय वळले होते. काठी उचलण्याआधी पुन्हा पाहिलं तर धुक्यात काहीच नव्हतं. मी तिकडेच मारलं. चेंडू त्या पट्टीवर मिळाला, आणि समोर ग्रीन, तू म्हणालीस तसं, माझ्याकडे तोंड करून. तीन फटक्यांत संपलं. त्या गड्याला पाच लागले. मी विचारलं, तर सदरा त्यानं पाहिलाच नव्हता.

कमिटीनं हात मिळवले. कागद समोर आहे, सही केलेली नाही. मी तुझ्या दारापर्यंत आलो होतो, आजी. तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही, तसाच गाडीला गेलो.

खरं सांग. तू टांगला असशील तर मी चिटणिसांना कळवीन आणि नोकरी सोडीन. रागावणार नाही. पण आपल्या घरात अशी जिंकलेली भाकरी मला गिळवणार नाही.

उत्तराची वाट बघतोय.
तुझा,
निनियन

*

क्रेगहेव्हन,
बुधवार, ३ ऑक्टोबर १९२३

चि. निनियन यास,
आशीर्वाद, या वेळी धपाट्याशिवाय.

मी नाही टांगला.

सामन्याच्या आदल्या गुरुवारी मी शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. घोटा भोपळ्याएवढा झाला. तुझं चित्त नको ढळायला म्हणून इफीला लिहू दिलं नाही. शनिवारी मी खाटेवर होते, आणि ती माझ्या उशाशी. पुढची ओळ तिची तिनं लिहावी.

मी, इफी गाओ, लिहिते की शनिवारी दिवसभर आजी घराबाहेर पडल्या नाहीत आणि मीही नाही, आणि या घरातलं सगळं धुणं दोरीवर आत होतं.

झालं? आता माझं ऐक. मी टांगला असता तर कॉलर वर असती का रे वेड्या? माझ्या हातचा सदरा उलटा असतो, बाह्या जमिनीकडे. आणि घरात पांढरा सदरा उरलाच नाही. एकच होता, तो अंगात घालून मॅग्नस गेला.

इफीचा हात थांबलाय. लिही गं, भिऊ नकोस, आपलाच आहे तो.

नियम तूच मला शिकवलास. कॅडीनं उभं राहून दाखवलं तर चालतं, फटक्याआधी बाजूला व्हावं. तू काठी उचललीस तेव्हा तो तिथे होता का? नव्हता, असं तूच लिहितोस. म्हणजे झाला बाजूला. खेळात त्यानं कधी लबाडी केली नाही, आणि तुझी पिशवी उचलायचं काम त्याच्याकडून कुणी काढून घेतलं होतं? तू दुसऱ्या कुणाला दिलं नाहीस, एवढंच मला ठाऊक. वाटलं तर चिटणिसांना सगळं जसंच्या तसं सांग. भल्या माणसाला तो कुठल्या कलमात बसवायचा ते कळणार नाही. मग सही कर.

इफी काल पहाटे धुणं घेऊन गेली होती. म्हणाली, टेकाडावर कुणी नव्हतं. तिला एरवीही दिसत नाही म्हणा. घोटा बरा झाला की मी स्वतः बघून येईन.

आणि एक. शनिवारी दाराशी बूट येऊन थांबले ते मी खाटेवरून ऐकलं. कडी काढायला इफीला उठवणार, तोवर परत गेले. मी रात्रभर रडले, निनियन. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आला आणि दार बंद बघून फिरला.

तेव्हा घरी येशील तेव्हा दार जोरात वाजव आणि नाव सांग. नुसते बूट थांबले की मला कळत नाही, तुम्हा दोघांतलं कोण आलं.

लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.
तुम्हा दोघांची,
आजी