सात अनोळखी पाकिटं

३ मार्च, सोमवार

सात पाकिटं! भाजीची पिशवी रिकामी करावी तशी मालकीणबाईंनी ती माझ्या टेबलावर ओतली. सातही अनोळखी, कुठल्या कुठल्या छोट्या कारखान्यांची. एकाचंही नाव मी ऐकलं नव्हतं — आणि सत्तावीस वर्षं सिगारेटच्या कारखान्यात चव घ्यायचंच काम करतोय!

"आपला माल पडून राहतोय आणि ह्यांचा खपतोय," बाई म्हणाल्या. "का, ते मला शोधून द्या. नाहीतर महिनाअखेरीस मिश्रणाची खोली बंद."

मिश्रणाची खोली म्हणजे मी, पान निवडणाऱ्या दोघी मावश्या आणि एक खिडकी. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? लहान मुलाला खेळण्यांच्या दुकानात कोंडल्यासारखं वाटलं!

४ मार्च, मंगळवार

सुरुवात 'निळा बगळा'पासून. पाकीट देखणं, आत सगळा आनंदीआनंद. नुसती दाबली तर टोकातून भुसा गळाला. ब्लेडने कागद उभा चिरून तंबाखू पसरली — निम्मे देठाचे तुकडे. पेटवली, आणि पहिल्याच झुरक्याला जीभ सोलून निघाली. राख काळी, तीही लगेच शर्टावर. शेरा : ढोंगी.

'मखमल' — साखरेचं पाणी मारलंय, तेही सढळ हाताने. पाक करपल्याचा वास. वाईट पान लपवायला एवढा खटाटोप? त्यापेक्षा बरं पान घ्यायचं!

मध्ये कोरडा पाव, कोमट पाणी. प्रत्येकीचे तीनच झुरके, धूर तोंडातच फिरवून सोडायचा. तरी घरात शिरायच्या आधी मागच्या नळावर हातपाय-तोंड धुवायचं ही हिची अट, लग्नापासूनची. "आज कोण कोण आलं होतं?" हिने विचारलं, जणू पाहुणेच. मी बगळा करून दाखवला, एका पायावर. पोट धरून हसली.

५ मार्च, बुधवार

'दोन होड्या'. दोन्ही बुडाल्या.

६ मार्च, गुरुवार

'साखळी' बरी निघाली. गरीब पण प्रामाणिक. जाड कागद, कडक पान, लपवाछपवी नाही. राख बोटभर टिकते.

मग 'सोबती'. पांढरं पाकीट, चित्र नाही, अक्षरंसुद्धा तिरकी छापलेली. मी मनात आधीच नापास केली होती. पेटवली. पहिला झुरका साधा. दुसरा गोडसर, वाळल्या गवतासारखा. तिसऱ्याला — मी खुर्चीतून उठलो! घशाच्या मागे भाजलेल्या बदामाची चव. अगदी शेवटी, अगदी हळू. उन्हात वाळवून दोन वर्षं मुरवलेलं झाडाचं खालचं पान, तेही मूठभरच. एवढी खटपट कोण करतं? एकच माणूस करायचा. "तिसऱ्या झुरक्याला माणूस बोलता बोलता थांबला पाहिजे रे," म्हणायचा.

वस्ताद! ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते.

धाकट्या मावशी म्हणाल्या, "अहो, रडताय काय?" म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

७ मार्च, शुक्रवार

लिहूनच टाकतो. एकोणीस वर्षांपूर्वी गोदामातल्या सगळ्या मालाला बुरशी लागली. ठपका वस्तादांवर — ओलं पान पास केलं म्हणून. ओल छपरातून आली होती. पाणी टपकताना मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हाच्या व्यवस्थापकांना सांगितलंही. ते म्हणाले, "नोकरी हवी ना? मग पाहिलं नाहीस तू." चौकशीच्या वेळी वस्तादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी जमिनीकडे. ते आपली पिशवी उचलून निघून गेले. पुन्हा भेट नाही.

आज हिला सांगितलं. एकोणीस वर्षांनी! हिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पाकिटावर पत्ता असेल ना?"

८ मार्च, शनिवार

उरलेली दोन उरकली. 'पाहुणा' — अंगाचा साबण पेटवल्यासारखा! 'टकटक' — तीनदा विझली. पाकिटाबरोबर काडेपेटी फुकट द्यायला हवी.

मग मन घट्ट करून मालकीणबाईंकडे गेलो. 'सोबती'चं सांगितलं, वस्तादांचं सांगितलं, छपराचंही. तेव्हा कारखाना बाईंच्या वडिलांच्या हातात होता. वाटलं, आता मलाच पिशवी उचलायला सांगतात. पण त्यांनी कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहून दिलं — दोष वस्तादांचा नव्हता. खाली सही, शिक्का.

"हा द्या त्यांना. आणि म्हणावं, परत या. खोली तुमच्या दोघांची."

९ मार्च, रविवार

बसने तीन तास. हीसुद्धा आली. "तुम्ही दारातून परत फिराल, ओळखून आहे मी." खरं होतं. दाराशी माझे पाय अडलेच. हिने पाठीत कोपर मारलं.

कारखाना कसला, घरामागे पत्र्याची शेड, दोन जुनी यंत्रं. वस्ताद पायरीवर बसलेले. ऐंशीच्या घरात, वाळलेल्या शेंगेसारखे. त्यांची सून बाजूला सुपात पान निवडत होती. वस्तादांनी डोळे बारीक केले.

"कोण? नाकाड्या?"

एकोणीस वर्षांत मला कुणी नाकाड्या म्हटलं नव्हतं! बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. नुसता कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"छपराचं मला ठाऊक होतं रे."

"मग साक्षीला माझं नाव का नाही घेतलंत? मी पाहिलं होतं, तुम्हाला माहीत होतं!"

"तुझी धाकटी तेव्हा महिन्याची. एक जण जातोच आहे, तर दोघांनी कशाला जायचं?" मग बोट नाचवत म्हणाले, "पण रागावलो होतो हां! चांगली पाच वर्षं. पुढे कंटाळा आला."

मी त्यांच्या पायांशी बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. ह्या वेळी धुराचं नाव पुढे केलं नाही. वस्ताद माझ्या डोक्यावर टपल्या मारत राहिले.

नंतर काय हसलो, काय हसलो! मी सातही पाकिटांचे शेरे वाचून दाखवले. 'पाहुणा'च्या साबणावर वस्तादांना ठसका लागला. सुनेने पाणी आणलं आणि तीही दाराआडून हसत उभी राहिली. 'सोबती'बद्दल बोलायला लागलो तेव्हा मात्र सून दाराआडून बाहेर आली. बदामाचं सांगितलं. खालच्या पानाचं सांगितलं.

"जमलीय ना?" वस्ताद एवढंच म्हणाले, सुपाकडे बघत.

कारखान्यात यायचं विचारलं, तर म्हणे, "कळवतो."

परतीच्या बसमध्ये ही म्हणाली, "अहो, तुम्ही शीळ घालताय." मला पत्ताच नव्हता.

१२ मार्च, बुधवार

वस्तादांचा फोन! "शनिवारी अकराच्या बसला थांब." धाडकन ठेवला. तसेच आहेत अजून.

१४ मार्च, शुक्रवार

खोली धुतली. मावश्यांनी खिडकीच्या काचा पुसल्या — बाहेर झाड आहे हे आजच कळलं! मालकीणबाईंनी पाठीला उशी असलेली खुर्ची धाडली. मी ती खिडकीशी ठेवली, मग दाराशी, मग परत खिडकीशी. म्हाताऱ्याला वारा लागायला नको, पण उजेड हवा. थोरल्या मावशी म्हणाल्या, "नवरदेव येतोय का?"

१५ मार्च, शनिवार

बसमधून सून उतरली. एकटीच, हातात सूप; वस्तादांनी तिलाच धाडलेलं. वस्तादांना म्हणे गेली सहा वर्षं कसलाच वास येत नाही! 'सोबती' पहिल्या पानापासून तिची आहे. "कसं करायचं ते मामंजी सांगतात, नाक माझं." खुर्चीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ माझ्या मिश्रणाच्या टोपलीत हात घातला, मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले.

"काका, रागावू नका. पण ह्यातलं अर्धं काढून टाकू या."

मी टोपली उचलून तिच्यासमोर उपडी केली.