पान एकतीस

सेक्टर ६, भिलाई
रविवार, १९ जानेवारी २०२५

पायलताई,

जयभीम. इकडं सारे मजेत. नागपूरच्या मेसचं जेवण पोटाले झेपते का? आईनं तुझ्यासाठी मुगाच्या वड्या वाळवल्या, याच पार्सलात टाकून राहिलो. वहीले वास लागला तर तुझ्या मावशीले बोल, मले नको.

कागदावर लिहून राहिलो म्हणून हसू नको. तीन डाव मोबाईलवर टाइप केलं, तीनही डाव मिटवलं. कागदावर खोडलेलं तरी दिसते.

तू 'उसना नवरदेव'ची प्रॉम्प्टिंगची वही मागितली, ते पाठवली. पण मेसेजमध्ये विचारलं ना, "सुगत, खरं सांग, गाणं चुकीच्या जागी होतं का? तसं असंल तर मी लिहिणंच बंद करते," त्याचं उत्तर देतो. आधी इकडची खबर.

आपल्या नाटक मंडळाची मीटिंग झाली. अध्यक्षाच्या खुर्चीतून सिंधुताई म्हणे, "पायलचं नाटक तीन प्रयोगांत गुंडाळलं, आता काय करता. मार्चच्या चार तारखा रिकाम्या हायेत. सुगत, तुझं ते पाठमोरं नाटक लाव. बुधवारपर्यंत सांग." कोणीतरी मागून म्हणे, "लोकंही पाठमोरेच बसवा, म्हणजे उठून जातानी दिसणार नाही." सारे हसले. मीही हसलो.

त्या तारखा तुझ्या होत्या. मी अजून हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तुले माहीत हाये, त्या जुन्या फार्सवर पहिले मीच हात मारला होता. पन्नास वर्षांआधी आपल्या आजोबानं इथं बसवलेला फार्स. जेवाले बोलावलेल्या भोळ्या माणसाले शेजारचे लोकं नवरदेव करून बसवतात, अन् त्याले खरं बोलता येत नाही. मले त्यात एकटेपण दिसलं. तुले दंडार दिसली, गाण्यानाचाचा खेळ. मी दीड तास दोन माणसं भिंतीकडं तोंड करून बसवली, पाहाले अकरा जण आले, त्यातले चार घरचे. तू सात गाणे टाकले, अन् पहिल्याच प्रयोगाले लोकं पायऱ्यांवर बसले.

खरं सांगू? तेव्हा मी विंगेत वही धरून हसलो होतो. हसू आलं म्हणून लय राग आला.

अन् आई. माझ्या नाटकातलं एक वाक्य तिनं कधी तोंडातून काढलं नाही. तुझं 'पोटात पुरी, गळ्यात हार' गाणं ते पोळ्या लाटतानी म्हणे, कुकर लावतानी म्हणे. मी म्हटलं, "आई, बस कर ना." ते म्हणे, "कावून? तुले पाठ नाही का? तू तर प्रॉम्प्टर होय." मी चप्पल घातली अन् सुपेल्यापर्यंत पायी गेलो, काही काम नव्हतं.

आता दुर्गचा प्रयोग. सर्वाइले मी सांगतलं का टॉर्चचा सेल गेला होता, वही दिसली नाही. तुलेही तेच सांगतलं. तू त्या वेळी हॉलच्या दारात होती, तुले वाटलं गाण्याची जागाच चुकली, ते याच्या आधीच लोकं कंटाळले. नवरदेव झालेला भूपेंद्रभाऊ ओळ विसरला, त्याले वाटलं का रातपाळी करून आल्यावर न झोपता उभं राहाचं आता आपलं वय नाही.

तुले आपली ठरलेली खूण आठवते ना? भूपेंद्रभाऊ फेट्याले हात लावंल का ओळ फेकायची. पान एकतीस. त्यानं हात लावला. मी वही पाहिली, ओळ समोर होती. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बाई शेजारणीले म्हणे, "आता ते पुरीचं गाणं येते पाय, मी त्याच्यासाठीच दुसऱ्यांदा आली."

मी तोंड बंद केलं.

टॉर्च चालू होता, ताई.

त्यानं चार डाव फेट्याले हात लावला. पहिल्या दोन डावाले लोकं हसले, त्याईले गंमत वाटली. मग शिट्ट्या सुरू झाल्या. भय्याजी पेटीवर डोळे मिटून बसलेले, त्याईची सवय तुले माहीत हाये, गाण्याआधीच्या ओळीचा शेवटचा शब्द कानावर पडल्याशिवाय बोट हालवत नाही. अहिवाऱ्याहून भाऊचे सासरे आले होते, ते खाली मान घालून बसले. मी वही छातीशी धरून उभा होतो. शेवटी कोणीतरी पडदा पाडला. मले आधी बरं वाटलं. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात काही मतलब नाही.

मग भाऊनं फेटा सिंधुताईच्या हातात देल्ला, "आता मी स्टेजवर नाही." तेवढं गाणारा दुसरा कोणी आपल्यापाशी नव्हता. नाटक तिथंच संपलं. प्लांटमध्ये त्याले अजूनही पोरं म्हणतात, "काय नवरदेव, चुप कावून?"

काल त्याले सुपेल्यात चहाच्या टपरीवर गाठलं, सांगून टाकलं. मले वाटलं कानाखाली पडते. त्यानं चहा अर्धा बशीत ओतला, पिऊन टाकला. मग म्हणे, "दीड महिन्यापासून मी रोज ड्युटीवर जातानी ते ओळ म्हणून पाहून राहिलो बे. रोज येते. मी समजलो का माझं डोकंच गेलं."

मी माफी मागितली. त्यानं हाव नाही म्हटलं, नाहीही नाही. उठतानी इतकंच विचारलं, "पायलले सांगतलं?"

म्हणून हे पत्र.

गाणं चुकीच्या जागी नव्हतं. त्याच्यासारखी दुसरी जागा त्या नाटकात नाही. मी किती रात्री शोधली, चूक काढाले. सापडली नाही. लिहिणं बंद करायचं असंल तर माझ्यापायी करू नको.

सिंधुताईकडं आज संध्याकाळी जातो. त्याईलेही हेच सांगतो, जसं झालं तसं. तारखा तुझ्या नावानंच राहतील का ते त्याईच्या हातात हाये. भाऊ येईल का, तेही मी सांगू शकत नाही. तू माझ्याशी बोलशील का, हे तर विचारतच नाही. वड्या मात्र खाय, त्या आईच्या हायेत.

वही पोचली का पान एकतीस उघड. पेन्सिलनं गोल केलेली ओळ, नवरीच्या बापाले म्हणायची. त्या दिवशी हळूच सांगायची होती, आता साऱ्याइले ऐकू जाईल अशी लिहितो:

"मामाजी, मले जेवाले बोलावलं होतं, लगीन लावाले नाही."

आता पेटी वाजवा म्हणा भय्याजीले.

तुझा प्रॉम्प्टर होतो तो,
सुगत